लाल घोंगडी दिसली म्हणून

नेनाना, जुलै महिना, मासे बेताचे, डास भरपूर

तीर्थरूप लव्हिनियाताईस,

धाकट्या हर्मनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? अस्वलाची चरबी चोळतेस, की दवाखान्यातलं मलम आणून ते कुत्र्यांना लावतेस? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तू दिलेली सुकी मासळी थेल्माला फार आवडली (अर्धी मी वाटेतच खाल्ली होती, ते तिला बोलू नकोस).

आता होड्यांच्या शर्यतीचं सांगतो. थेल्माने वसंतातच मला बजावलं होतं, "दर वर्षी आठशे मैल पाठ आपटून घेता आणि महिनाभर मला चोळायला लावता. यंदा शेवटचे आलात तर पुढची जागा क्लिफर्डच्या भावाला द्यायची आणि तुम्ही माझ्याजवळ काठावर बसायचं." ताई, तुला ठाऊक आहे, ती जागा म्हणजे माझा जीव. होडीच्या नाकाशी बसून पाणी कुठे गडद, कुठे वाळू वर आलेली, ते बघायचं आणि हात करायचा. मोटरीच्या आवाजात बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे घरात मिळत नाही तो मान मला तिथे मिळतो. हात केला की सुकाणूच्या चाकावरचा जावई क्लिफर्ड मुकाट वळतो.

या क्लिफर्डला वजनाचं वेड. त्याने चमच्यांचे दांडे कापले, दात घासायच्या ब्रशांचेही कापले, आणि मोटर सांभाळणाऱ्या आर्नीला (म्हणजे माझ्या मेहुण्याला) दाढी काढायला लावली. दाढीखाली आर्नीला हनुवटीच नाही, हे तीस वर्षांनी कळलं. पण उपयोग झाला. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवर, गालीनाला, आम्ही पाचवे पोचलो. दुसऱ्या दिवशी परत येताना रूबी गावाच्या वर एका होडीला मागे टाकून चौथे झालो. क्लिफर्ड चक्क हसला. आणि तेवढ्यात वळणावर तू लाल घोंगडी हलवताना दिसलीस.

काठावरून कुणी कापड हलवलं की होडी थांबते. आपल्या वडिलांनी आपल्याला चालण्याआधी हे शिकवलं असेल. मी हात वर केला. क्लिफर्डचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला, पण थांबला बिचारा. तू म्हणालीस, "अरे, मी कावळे हाकलत होते मासळीवरचे! पण आलातच आहात तर बसा." आता मोठ्या बहिणीने चहा ठेवल्यावर कुणी उठतं का? मग माशाच्या डोक्यांचं सार आलं, मग तळलेली भाकरी. क्लिफर्ड एक पाय होडीत, एक पाय चिखलात ठेवून उभ्यानेच जेवला, आणि एकेक होडी गर्जत पुढे जाताना मोजत राहिला. आर्नीने मात्र तिसऱ्यांदा सार मागितलं.

निघताना तू होडीत मासळीचं पोतं टाकलंस, नातवाला द्यायची कढई टाकलीस आणि वर तुझा तो तीन पायांचा कुत्रा, बिशप, बसवलास. क्लिफर्ड एवढंच म्हणाला, "आजेसासूबाई असत्या तर त्यांनाही घेतलं असतं." पुढचे सगळे मैल बिशप माझ्या मांडीवर बसून पाण्यातल्या प्रत्येक ओंडक्यावर भुंकत होता, आणि सांगतो तुला, त्याचा एकही अंदाज चुकला नाही. शर्यत संपते तिथे, फेअरबँक्सला, पोचलो तेव्हा लोक खुर्च्या मिटून घरी निघाले होते. एकजण ओरडला, "काय हर्मनकाका, कुत्र्यांच्या शर्यती हिवाळ्यात असतात!"

तर असं झालं. मी मजेत आहे, पाठही बरी आहे. गुडघ्याला जप.

तुझा,
हर्मन

ता. क. एक लहानसं काम होतं. थेल्माला दोन ओळी लिहून पाठव, की घोंगडी तू मदतीसाठीच हलवत होतीस. तुझा पाय घसरला होता असं लिही. कुणाच्या मदतीला थांबून शेवटचं येणं ती हार धरणार नाही, आणि माझी जागा राहील.

पुन्हा ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? कावळे मला लांबूनच दिसले होते. मैलभरावरची वाळू दिसते, मग कावळे नाही दिसणार? पण कापड खरं की खोटं हे होडीत बसून ठरवायला लागलो, तर एक दिवस चुकीचं ठरवेन. (साराचा वासही आला होता.)

वन्सं, मी थेल्मा. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, ते मी किटलीच्या वाफेवर उघडलं. तुम्ही पाय घसरल्याचं मुळीच लिहू नका, उगाच खरंच घसरायचा. कावळ्यांचं आर्नीने मला त्याच दिवशी सांगितलंय. कापड दिसूनही पुढे गेले असते, तर मी यांना घरात घेतलं नसतं. यांची जागा यांचीच आहे, क्लिफर्डलाही तसं सांगून ठेवलंय. फक्त नदी गोठेपर्यंत यांना कळू देऊ नका. सध्या माझी मर्जी राखायला न सांगता भांडी घासताहेत.