खाजणावरची तिसरी ओळ

शनि. १७ जून १९६७, बोईसर

सकाळी टेकाडावरच्या बंगल्यांचं रंगकाम बघितलं. चारही तयार. अधिकारी अजून यायचेत, तोवर किल्ल्या माझ्याकडे.

दुपारी कामगारांच्या चाळीकडे गेले. फेब्रुवारीत मी साइटवरच्या आर्किटेक्टची ही नोकरी धरली तेव्हाच चाळीचा पाया भरून झाला होता. जागा खाजणाची. भरतीचं पाणी जिथे पसरायचं तिथे मुरूम टाकलाय आणि त्यावर तीन ओळी उभ्या केल्यात. आधीच्या आराखड्यात चाळ टेकाडावर होती.

तिसऱ्या ओळीतल्या शेवटच्या खोलीतून मंगळीने हाक मारली. आमच्याच साइटवर सिमेंटचा माल कालवते ती. जव्हारकडची, नवरा आणि दोन लहान मुली. "बाय, हे बघा. परवा नवतं."

मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग. वर रुंद, खाली बारीक. म्हणजे कोपरा खचतोय. नुसत्या प्लास्टरची भेग अशी नसते.

"आवाज येतो का?"

"येतो ना. सुकं लाकूड मोडल्यागत."

बघते म्हटलं आणि निघाले. 

रवि. १८

काचेच्या दोन पट्ट्या भेगेवर आडव्या ठेवून सिमेंटने चिकटवल्या. मंगळीने विचारलं, "देवाचं हाय का?" म्हटलं, नाही. भिंत हलली तर काच तडकेल, म्हणजे आपल्याला कळेल. तिने लगेच मुलींची अंथरुणं उचलून दाराजवळ टाकली. मला सांगायचं सुचलं नव्हतं ते.

मंगळ. २०

दोन्ही काचा तडकल्या.

पालघरला जाऊन मुंबईच्या आमच्या ऑफिसात साहेबांना ट्रंक कॉल लावला. लाइनीवर खरखर.

"नवं बांधकाम थोडं बसतंच, मिस कर्णिक."

"साहेब, भेग वर रुंद आहे. कोपरा खाली जातोय."

"प्लास्टर मारून घ्या. आणि लोकांत बोलू नका, घबराट होईल."

घबराट झालीच आहे. माझी. परतताना एस.टी.त शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का.

गुरु. २२, पौर्णिमा

दुपारच्या भरतीला खाडीचं पाणी तिसऱ्या ओळीच्या मागे आलं. जोत्याला लागून बुडबुडे येत होते. पाणी ओसरल्यावर छत्रीचं टोक भिंतीच्या पायथ्याशी टेकवलं. जोर लावला नव्हता तरी छत्री मुठीपर्यंत आत गेली. उपसताना चिखलाने धरून ठेवली. तिथेच उभी राहिले, छत्री हातात घेऊन. मागच्या खिडकीत मंगळीच्या मुली हसत होत्या. त्यांना वाटलं मी खेळतेय.

शनि. २४

संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस बाबुभाई आला. मी जनाकाकूंच्या वाडीत भाड्याने राहते, थेट त्यांच्या ओटीवर येऊन बसला. काकूंनी चहा दिला. आवाज एकदम गोड. "मॅडम, आप पढ़ी-लिखी हैं. अकेली रहती हैं. चाळ के चक्कर में काहे को पड़ती हैं? रास्ता भी अच्छा नहीं है उधर का."

मी म्हटलं, रस्ता मला माहीत आहे.  जाताना वाडीचं फाटक उघडंच टाकून गेला. काकू उठल्या, फाटक लावलं, कडी घातली, वर दगड ठेवला. मग मला म्हणाल्या, "पोरी, चार दिस आईकडं जाऊन ये."

रवि. २५

बॅग भरली. परत रिकामी केली. आईला पत्र लिहिलं, त्यात फक्त पावसाचं आणि जेवणाचं.

सोम. २६

तिसऱ्या ओळीतल्या लोकांना सांगितलं. आठ बिऱ्हाडं. व्हरांड्यात उभी राहून सांगितलं, भिंत धोक्याची आहे, खोल्या सोडा.

 मग मंगळीचा नवरा, रघ्या: "सोडून कुठं जानार? आमच्या झोपड्या होत्या टेकाडावर. तुमच्या बंगल्यांसाठी मोडल्या."

बाकीचे पण बोलायला लागले. खोली सोडली तर मुकादम हजेरीवरून काढतो. डोंगरात परत जावं तर या दिवसांत खायला काय. एक म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "झोपडी पडली तं गवत पडतं अंगावर. ही पडली तं काय ते या बाय सांगतील." हसले काही जण.

मुंबईत शिकत होते तेव्हा आम्ही अशा चाळींची सुंदर मॉडेलं करायचो. पुठ्ठ्याची. खाली जमीन म्हणून एक फळी.

शुक्र. ३०

भेगेत आता हाताची बोटं जातात. साहेबांनी सांगितलं म्हणून प्लास्टर मारलं होतं ते पापुद्र्यासारखं सुटलं. साइटवर माझ्याशी कोणी बोलत नाही. बाबुभाई लांबून नमस्कार करतो. सायकलवरून येताना मागे जीप आली की उतरून कडेला उभी राहते. आज दोनदा.

पुढच्या शुक्रवारी अमावास्या. पौर्णिमेला एवढं पाणी, तर तेव्हा? वर पाऊस थांबत नाहीये.

बुध. ५ जुलै

आज केलं.

बंगले उघडले. चारही. साहेबांना विचारलं नाही, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. सकाळी तिसऱ्या ओळीत गेले आणि म्हटलं, चला, सामान उचला, अमावास्या होईपर्यंत तरी. रघ्याने विचारलं, "कोनी सांगितलं?" म्हटलं, मी सांगतेय.  त्याने आत जाऊन पेटी उचलली.

मंगळी बंगल्याच्या पायरीवर थांबली. आत नवी फरशी, पाय चिखलाचे. पदराने आधी मुलींचे पाय पुसले, मग स्वतःचे. तरी आत येईना. "तुमाला काय करतील बाय?"

"काढतील."

"मंग?"

मी धाकटीचं बोट धरून तिला आत नेलं. 

दोघी-तिघींनी चुली मागच्या पडवीत मांडल्या. घरात मांडायला धजत नव्हत्या.

खाली पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतले लोक दारांत उभे राहून सगळं बघत होते. एक जण चढण चढून आला. "आनि आमी?"

"तुमच्या भिंतींना भेग नाही," मी म्हटलं. सकाळीच बघितलं होतं, खरंच नव्हती. तो मान हलवून उतरून गेला. बंगल्यांत जागाही नव्हती. ते त्यालाही दिसत होतं.

शुक्र. ७, अमावास्या

भरती आली, गेली. भिंत उभी. पाणी जोत्याला हातभर चढलेलं.

बाबुभाई बंगल्यांसमोरून जीपमधून दोनदा गेला. उतरला नाही. मुंबईहून तार: साहेब सोमवारी येतायत.

दिवसभर एकच विचार. नाहीच पडली तर? ह्या सगळ्यांना खाली नेऊन सोडायचं आणि म्हणायचं, माझं चुकलं. पडावी असं वाटलं क्षणभर. वाटलं ते लिहून ठेवते.

शनि. ८

पडली.

दुपारची भरती उतरत होती. मी बंगल्याच्या ओट्यावर होते. धान्याचं पोतं खाली टाकल्यासारखा आवाज आला, मोठा नव्हताच. शेवटच्या दोन खोल्यांची मागची भिंत बाहेरच्या बाजूला गेली आणि वरचा स्लॅब खाली आला. मग धूळ नाही, नुसता पाण्याचा फवारा.

धावलो सगळे. रघ्याची धाकटी मुलगी दिसेना. मंगळी चिखलात पळत गेली, हाताने विटा उपसायला लागली, आवाज न करता. मी तिच्या शेजारी. माझे हात चालतच नव्हते, एक वीट धरून बसले. मग वरून हाक आली, मुलगी पडवीत गोणपाटाखाली झोपलेली सापडली. मंगळी तिथेच बसली. मी पण.

कोणाला काही लागलं नाही. मंगळीचं जातं आत राहिलं.

संध्याकाळी जनाकाकूंनी गरम पाणी दिलं, नखांतली माती काढली.  

सोम. १०

साहेब आले. छत्रीखाली उभे राहून पडलेला भाग बघितला. चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता मला बोलणी बसतील. म्हणाले, "तिसरी ओळ पाडून टाकू. या लोकांना महिनाभर बंगल्यांत राहू दे, मी वर सांगतो." मला रडू आलं, आवरलं.

मग मला बाजूला घेतलं. "पहिल्या दोन ओळींचं काय, मिस कर्णिक? ठीक आहेत ना?"

"पाया तोच आहे, साहेब. मुरमाची भर तीच आहे."

"भेग आहे?"

"आज नाही."

"मग नीट विचार करा. तुम्ही नाही म्हणालात तर मला दोन्ही ओळी रिकाम्या करायला लागतील. एवढी माणसं या पावसात कुठे जातील? बंगले संपले." ते दरडावत नव्हते. खरंच विचारत होते. बाबुभाई मागे उभा होता, तो म्हणाला, "मॅडम हां बोल दें तो सब का भला है."

उद्यापर्यंत वेळ मागितला.

मंगळ. ११

सकाळपासून दोन्ही ओळी फिरले. प्रत्येक खोलीत गेले. बायका भांडी सरकवून भिंत दाखवत होत्या, कोपरे दाखवत होत्या, जणू मी पास करणार होते. "आमची चांगली हाय, बाय. बघा, कायी नाय." एकीने सारवलेल्या जमिनीवरून पाट पुढे केला. बसले नाही. बसले असते तर ठीक आहे म्हणाले असते.

बाहेर आले तेव्हा साहेब व्हरांड्यात उभे होते. सगळे जमले होते, मंगळी आणि रघ्या वरून उतरून आले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

मी म्हटलं, "ठीक नाहीत. पुढच्या पौर्णिमेच्या आत रिकाम्या करायला हव्यात."

आवाज माझा वाटला नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाबुभाई जीपकडे गेला. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. काही वेळाने पहिल्या ओळीतून एक माणूस गाठोडं घेऊन आला आणि माझ्या पायाशी चिखलात ठेवलं. मग दुसरा आला. मग बायका, पोरांना कडेवर घेऊन. पाऊस भुरभुरत होता. सामानाला सामान लावून उभे राहिले सगळे. टेकाडाकडे कोणी गेलं नाही, रस्त्याकडेही नाही.

परवा पाट पुढे करणारी— नाही, आजच. आज सकाळचीच ती बाई. माझ्या समोर आली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"आता?"