भिंतीपलीकडचा ठोका

सोमवार, २ नोव्हेंबर १९९८. सणसवाडी.
घरमालकीण झुंबरबाई यांच्या चहाविरुद्ध मी येथे गंभीर निषेध नोंदवतो. त्यात साखर नसते; साखरेत तो असतो. बाकी खोली झकास. संस्कृतात एम.ए. झालेल्या माणसाला पेपरवाल्यांनी कारखान्यांच्या बातम्यांना जुंपलं, तेव्हा खोलीही कारखान्याला खेटूनच मिळायची. भिंतीपलीकडे पत्रा ठोकणारा अजस्र प्रेस अखंड चालतो. धप्प, धप्प. भांडी नाचतात.

गुरुवार, ५.
कारखान्याची सुट्टी गुरुवारी. प्रेस थांबला आणि छातीत काहीतरी फडफडलं, अडखळलं, मग सुसाट धावलं. झुंबरबाई म्हणाल्या, नव्या माणसाला हुतंच भाऊ, वळण लागंल. गुरुवारी आडवं पडून ऱ्हावा. बाहेर पाहिलं तर अख्खी चाळ छातीवर हात ठेवून आडवी. आळसाचं असं शिस्तबद्ध व्रत शास्त्रात वाचलं नव्हतं.

शनिवार, ७.
शिरूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. निर्दोष. म्हणाले, हृदय जन्मभर धडधडतच असतं. ते आपल्याला जाणवायला लागलं, की आपण घाबरतो. बहुधा चहा, जाग्रण, काळजी. नाडी बघत जा. चक्कर आली तर मात्र लगेच या. चहा बंद. झुंबरबाईंना हे सांगायचं धैर्य नाही.

सोमवार, ९.
नाडी बघितली. प्रेसचा ठोका तोच माझा. दुपारी त्यांनी वेग वाढवला. मी खुर्चीत बसल्या बसल्या धापा टाकल्या.

गुरुवार, १२.
दिवसभर आडवा. डोळ्यांपुढे काळोख. माझ्या आधी इथं हौशीराम राहायचा. झुंबरबाई म्हणाल्या, लई गुणी माणूस. ह्या दिवाळीला कंपनी चार दिस बंद ऱ्हायली, त्याला न्हाई सोसलं.

शनिवार, १४.
पुण्याला पळालो. कोरेगाव भीमा ओलांडलं आणि ठोके गळू लागले. एसटीतून उतरलो. परत. झुंबरबाई समाधानानं म्हणाल्या, लागलं म्हणायचं वळण.

सोमवार, १६.
बायको आली. येऊ नकोस म्हणून कळवलं होतं. राजश्री म्हणते, नको म्हणालात म्हणूनच आले.

सोमवार, २३.
बातमी मलाच आधी लागली. मालक उद्या दुपारी कंपनीला कायमचं टाळं लावणार. झुंबरबाईंना सांगितलं. त्यांनी स्टोव्हवरचा चहा उतरवला. एवढंच म्हणाल्या, चाळीत बोलू नगा भाऊ.

मंगळवार, २४. दुपार.
राजश्रीला सकाळीच गाडीत बसवायचं होतं — हट्टानं राहिली — आत्ता तिचं मनगट धरलं. प्रेसबरोबर. अगदी प्रेसबरोबर.
माझं काय व्हायचं ते होवो. मला भीती तिचीच आहे.
ठोके लांबतायत. ती म्हणतेय, अहो, छातीत कसंसंच —
प्रेस थां