घाटातलं बोलणं

आचरा, रविवार, संध्याकाळ

लेकीच्या नव्या हायब्रिड गाडीतून बेळगावहून येताना आंबोली घाट उतरलो. उतार लागला आणि इंजिनचा आवाजच बंद झाला. मी दचकले.

"आये, भियां नको गो! गाडी आता बॅटरीवर चालता," ती हसली.

हे होते तेव्हा मासळीचा टेम्पो याच उतारावर मुद्दाम बंद करायचे, डिझेल वाचावं म्हणून. ब्रेक लागणार नाहीत म्हणून मी ओरडायचे. पण एरवी त्या खडखडाटात एकमेकांचं ऐकूच यायचं नाही. बोलणं काय ते इथेच. "निजलंस काय गो?" हे हमखास विचारायचे.

आज वळणावर माझ्या तोंडून गेलंच, "नाय, जागी आसंय."

"कोणाक सांगतंस?" लेकीने विचारलं.

ती गाणी लावायला गेली, तेव्हा मी तिचा हात धरला. "रवांदे गो जरा."

तिने लावली नाहीत. दाणोलीला उतार संपला आणि इंजिन सुरू झालं. एवढ्यात कसा संपला घाट? पूर्वीही हे इथेच चावी फिरवायचे, आणि माझं बोलणं अर्धंच राहायचं.