मरळीच्या तोंडातला गळ

बाबा, मी प्लास आणला. खरं म्हणजे दोन आणले. पहिला चुकीचा निघाला, आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नव्हता, माझ्या जिभेचा होता. घरात हे कोणाशी बोलायची सोय नाही. यांना सांगितलं तर म्हणतील, एका पकडीचं एवढं काय घेऊन बसलीस. तुम्ही तसं म्हटलं नसतं, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्हाला कधी प्लास लागला नाही. तुमची ती बांबूची कमची होती, टोकाला खाच पाडलेली, कमरेला खोचलेली. सैपाकघरात आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही चुलीच्या उजेडात बसून ती कमची तासता आहात, मधूनमधून तिला जवसाचं तेल पाजता आहात, हे मला आत्ताही दिसतं. आई म्हणते, "माह्या फोडणीले तेल नाई अन् तुमच्या काडीले हाय." तुम्ही गालात हसता. मासोळीनं गळ खोल गिळला की तुम्ही दोरी ताणून धरायचे, दोरीवरून कमची आत सरकवायचे, गळाचा वाक खाचेत बसला की हलकेच मागं लोटायचे, आणि गळ सुटून यायचा. एकदा मी हातानंच गळ ओढायला गेले होते, तीही मासोळी काठावर, कोरड्या मातीत धरून. तुम्ही माझं मनगट पकडलं. "मासोळीले घाई नाई पोरी, तुले हाय. पाण्यात धर तिले." तेवढंच बोललात, पण त्या दिवशी पुन्हा मला गरीच्या दोरीला किंवा गळाला हात लावू दिला नाही.

यंदा पोळ्याच्या आधी धाकट्याचा फोन आला, घुग्घुसहून. "ताई, यंदा तू टाक गरी. मले सुटी नाई भेटून राह्यली, खाणीत माणसं कमी हायेत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गावच्या तलावावर पहिली गरी आपल्या घराची पडते. पहिली मासोळी कोणी खायची नसते. तिच्या तोंडातला गळ काढायचा, कपाळाला हळद लावायची आणि तिला पाण्यात सोडायची. ती जित्ती पोहत गेली की मग काठावर थांबलेली घरं आपापल्या गऱ्या टाकतात, तोवर कोणी टाकत नाही. तुमच्यानंतर हे धाकटा करत आला. मी म्हटलं, मी तर लग्न होऊन गडचिरोलीला आलेली, माझ्या हातची गरी चालेल का? मग गावाकडच्या आपल्या शेजारच्या काकूनं स्वतः फोन केला. तिला आता दिसतं कमी, पण आवाज तसाच आहे. "लेक का घरची नसते? ये तू," म्हणाली.

कमची मी करून पाहिली, बाबा. एक टोकाशी फुटली, दुसरी इतकी जाड झाली की तिनं दात घासता आले असते. म्हणून ठरवलं की प्लास घ्यायचा, स्वस्तातला, वर्षातून एकदाच तर लागणार. हार्डवेअरचं दुकान आमच्याच गल्लीतल्या माणसाचं आहे. त्याच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही, त्याची बायको संक्रांतीला माझ्याकडे वाण घेऊन येते. आणि इथं, या कॉलनीत, माझ्या ऑफिसात, मी कोणाची लेक आहे हे मी कधी सांगितलेलं नाही. कोणी विचारलंही नाही, मीच डब्यात कधी मासोळी नेली नाही. तर त्यानं विचारलं, "कायले पाहिजे ताई?" आणि माझ्या तोंडून निघालं, "वायर पकडायला. घरातल्या बोर्डाचं काम आहे."

त्यानं वायरीचाच प्लास दिला. आखूड, जाड तोंडाचा, मुठीला लाल रबर. बिचाऱ्यानं वर चार गोष्टी सांगितल्या, आधी मेन स्विच बंद करा, हात ओले ठेवू नका. मी मान हलवत राहिले. समोर काचेत लांब चोचीचा एक चकचकीत प्लास टांगलेला दिसत होता. बोट दाखवून तो मागायचा, एवढंच काम. पण मग तो विचारेल, वायरीला एवढा लांब कशाला. लाल मुठीचा घेऊन मी घरी आले.

तान्ह्या पोळ्याला सकाळीच वैनगंगेचा पूल ओलांडून गावी पोचले. धान पोटरीवर आलेला, तलाव काठोकाठ. काठावर सगळे आपापल्या गऱ्या घेऊन उभे. मी गरी टाकली आणि लागलीच मरळ लागली, चांगली हातभर. लोक खूश झाले, काकू म्हणाली, "बापाचाच हात हाय." मी पाण्यात उतरून तिला धरली, तुम्ही सांगितलं होतं तसंच, ओल्या हातानं, पाण्यात. तिनं गळ पार घशात नेला होता. मी प्लास घातला. तो अर्ध्यातच अडकला, पुढं जाईना. गळ दिसत होता, बाबा, हाताशी होता, पण प्लासाचं तोंड तिच्या तोंडात मावत नव्हतं. मी फिरवला, दाबला, मला घाई झाली. मग काहीतरी फाटलं आणि कल्ल्यातून रक्त आलं.

मरळ किती चिवट असते हे तुम्हाला मी काय सांगू. ओल्या टोपलीत अर्धा अर्धा दिवस जित्ती राहते. ती माझ्या हातात मेली. हळद लावून सोडली तर आडवी झाली आणि तशीच लव्हाळ्याकडे वाहत गेली, पांढरं पोट वर करून. सगळ्यांनी पाहिलं. ज्यानं त्यानं दोऱ्या गुंडाळल्या आणि घरची वाट धरली. सणाच्या दिवशी गावात कोणाच्याच घरी मासोळी शिजली नाही. लाजेनं मला मान वर करवेना. काकूनं तेवढं विचारलं, "काय होतं तुह्या हातात?" मी प्लास तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपून पाहिला. "हा तर लाइनवाल्याचा हाय. हा काऊन आणला?" मी म्हटलं, दुकानात हाच होता. म्हणजे तिथंही खोटंच बोलले. ती म्हणाली, "इतवारी ये मंग. तोवर तलाव बंद राहील."

म्हणजे इतवारपर्यंत आख्खं गाव माझ्यासाठी थांबणार होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, गिऱ्हाईक पांगेपर्यंत खिळे बघत उभी राहिले, आणि एका दमात सांगून टाकलं की मासोळीच्या घशातला गळ काढायला प्लास पाहिजे, स्वस्तातला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "अवो ताई, मंग पयलेच सांगाचं ना." काचेतल्या चकचकीत प्लासाला त्यानं हातही लावला नाही. "हा घेऊ नका. दिसते चांगला, पण त्याची स्प्रिंग पाण्यानं जाम होते." खालच्या खणातून त्यानं एक साधा काढला. लांब, बारीक, टोकाशी जरा वाकलेला, आत बारीक दाते. लाल मुठीच्या त्या प्लासापेक्षाही स्वस्त. "सावली तालुक्यातले ढिवर हाच नेतात. काम झालं की पुसाचा अन् तेलाचा हात फिरवाचा, जंग नाई धरत." आपल्या जातीचं नाव त्यानं किती सहज घेतलं. माझ्या तोंडून ते इथं गडचिरोलीत कधी निघालं नव्हतं. पैसे घेता घेता त्यानं विचारलं, "भाऊ धरतात का मासोळ्या?" मी म्हटलं, "हो, भावासाठीच. कागदात गुंडाळून द्या."

तुम्ही सावलीच्या बाजाराला टोपली नेताना वरून पळसाची ओली पानं घालायचे. एसटीत बायका नाकाला पदर लावायच्या. मी तुमच्या शेजारी बसलेली असायची आणि मला वाटायचं, लोकांना दिसू नये म्हणून तुम्ही झाकता. परवा काकूला विचारलं, तर ती हसली. "लोकाईसाठी काऊन झाकन तो? मासोळी सुकू नये म्हणून."

इतवारी मरळच लागली, आधीच्यापेक्षा लहान. मी तिला पाण्यात धरली. प्लास दोरीवरून आत गेला, गळ चिमटीत आला, हलकेच मागं लोटला आणि सुटला. हळद लावली आणि हात उघडला, तर ती क्षणभर तिथंच थांबली, मग शेपटी हलवून खाली गेली. माझ्यामागं गऱ्या पाण्यात पडल्याचे आवाज आले, एकामागून एक. मी पाण्यातच उभी राहून रडले. काकू म्हणाली, "आता बाहेर ये, नाईतर तुलेच गळ लागन कोणाचा."

हा कागद मी तलावात सोडणार होते. पण काकूनं विचारलं असतं, काय लिवलं पोरी, आणि मला ते वाचून दाखवावं लागलं असतं. कारण पुढचं मी तिला सांगितलेलं नाही. सोमवारी ऑफिसला निघाले तेव्हा दुकानदार शटर वर करत होता. त्यानं रस्त्यापलीकडून हाक दिली, "ताई, भावाचं काम झालं का?" बसथांब्यावर माझ्या ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या.

"झालं," मी म्हटलं. "त्याच्या हातून मरळ जित्ती गेली."