दोन कप्तान आणि तुझे मेहुणे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार पत्रापुरता. समोर असतास तर वाकले असते, पण पाय धरायला नव्हे, ओढायला. का ते पुढे येईल.) वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढू नका, आणि तुझ्याशी वाद घालताना उभ्या राहू नका. तो वाद बसूनही जिंकता येतो. तुझी साखर, तुझा नवा चष्मा आणि तुझा तो जुना खोकला, तिघंही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही. कवळीच्या साच्यात प्लास्टर ओतलं की बुडबुडे निघावेत म्हणून आम्ही तो साचा एका थरथरणाऱ्या यंत्रावर ठेवतो. मागच्या आठवड्यातल्या शनिवारपासून त्या यंत्रावर कुणीतरी मलाच बसवून ठेवलंय, असं वाटतं.

पहिला धक्का ‘नीलकक्षा’चा. त्या चित्रपटाचा आठवा भाग तू अजून पाहिला नसशील तर हा परिच्छेद गाळ. (गाळू नकोस. मला एकटीला हे सोसत नाही.) गेले सात भाग ते जहाज घराचा रस्ता शोधत अंतराळात भटकतंय आणि सात भाग आपण कुणाच्या भरवशावर खुर्चीत बसलो? त्या टकल्या कप्तानाच्या. पाचव्या भागात स्वतःच्या नळीतला प्राणवायू जहाजावरच्या मांजराला देणारा माणूस तो. तर आता आठव्या भागात असं निघालं की तिसऱ्या भागात म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई गुदमरून मेल्या, तो अपघात नव्हताच. हवेची झडप या कप्तानानेच बंद केली होती. का, तर तो पहिल्यापासून शत्रूचा माणूस. दादा, मी त्या बाईंसाठी किती रडले आहे हे तुला ठाऊक आहे, आणि त्यांच्या अंत्यविधीला भाषण कुणी केलं होतं? यानेच. मी या लोकांना काय काय माफ केलं होतं! निर्वात पोकळीत स्फोटाचे आवाज माफ केले, सातव्या भागातलं गाणं माफ केलं, मांजर कधीच म्हातारं होत नाही हेही माफ केलं. पण माणूस चांगला दाखवायचा, आम्हाला त्याच्यावर जीव लावायला लावायचा आणि कथा सुचेनाशी झाली की त्यालाच विकायचं, याला माझ्या मते लेखन म्हणत नाहीत, भंगारविक्री म्हणतात.

या मनःस्थितीत चित्रपटगृहातून बाहेर पडले, फोन चालू केला आणि तिथेच पायरीवर बसले. आपल्या हिरव्यांनी फुटबॉल संघाचा आपला कप्तान विकला. तोही कुणाला? पिवळ्यांना. फोटोत तो पिवळा गळपट्टा घालून असा हसत होता की त्याच्या वरच्या दाढा मला मोजता आल्या. (डावीकडची एक भरलेली आहे. आमच्या हिरव्या पैशांनी.) नऊ वर्षं प्रत्येक गोलनंतर हा माणूस छातीवरच्या हिरव्या पानाचं चुंबन घेत आला. माझं आता ठाम मत झालंय: खेळाडूने बायकोचं चुंबन घ्यावं, पोराचं घ्यावं, अगदी गोलच्या खांबाचंही घ्यावं, बोधचिन्हाचं घ्यायचं असेल तर आधी करार दाखवावा. आणि संघाचं निवेदन किती होतं? दोन ओळी. ‘नीलकक्षा’वाल्यांनी विश्वासघाताला निदान तीन तास तरी दिले, मध्यंतरही ठेवलं.

सोमवारी कामावर गेले खरी, पण हात माझे नव्हते. एका निवृत्त गायनशिक्षकांची कवळी तयार केली, डॉक्टरांनी घाईत बघितली आणि देऊन टाकली. ते गृहस्थ दुपारी परत आले आणि फार सभ्यपणे म्हणाले की कवळी बसते छान, पण आरशात बघितलं की भीती वाटते. तोंड उघडून दाखवलं तर समोरच्या पटाशीच्या दातांच्या जागी मी आणखी दोन सुळे बसवले होते. साक्षात अंतराळातला शत्रू. डॉक्टरांनी ती कवळी माझ्यापुढे ठेवली. (ते स्वतः पिवळे आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे सुख होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही.)

पण हे दोन्ही धक्के म्हणजे दात काढण्याआधीची भुलीची सुई होती. दात पुढेच होता.

त्या संध्याकाळी जेवताना मी तुझ्या मेहुण्यांना हे सगळं पुन्हा सांगत होते. तुला माहीत आहे, हे मुळातच अबोल. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोर तपासणाऱ्या माणसाला गप्पांची सवय कुठून असणार, असं समजून मी इतकी वर्षं दोघांच्या वाटचं बोलत आले. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, “अहो, काहीतरी बोला. तुमचाही कप्तान होता तो.” यांनी घास संपवला, पाणी प्यायले, आणि अगदी मनापासून विचारलं, “कप्तान म्हणजे तो टकलू, की तो दुसरा टकलू?”

दादा, तो दुसरा टकलू म्हणजे कोण, हे मला अजून कळलेलं नाही. आठ चित्रपटांत टक्कल एकालाच आहे, आणि हिरव्यांत कुणालाच नाही.

मग मी ताट बाजूला सारलं आणि रीतसर उलटतपासणी घेतली. (वकील व्हायला हवं होतं, असं आई म्हणायची.) हळूहळू सगळं बाहेर आलं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यात हे, डावीकडचे ते आपले असं धरून, मनातल्या मनात पिवळ्यांचाही जयजयकार करून बसलेत. मैदानाकडे हे फारसं बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. मी उठले की उठायचं, मी कपाळ बडवलं की ‘च्च’ करायचं. चित्रपटगृहात डोळ्यांवर तो त्रिमितीचा काळा चष्मा असतो तोवर झोपायचं आणि मी दंड धरला की जागं व्हायचं. ऑफसाइडचा नियम मी यांना दर रविवारी समजावून सांगते. दर रविवारी हे मान डोलावतात. “समजायचं का?” मी विचारलं. तर म्हणाले, “तू सांगतेस छान.”

मी तरीही धीर धरून होते, कारण माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. तुझ्या कार्यालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत तू, आणि यांनी तुला बाहेर काढलं. मग तू यांना चहाला म्हणून आमच्याकडे घेऊन आलास, तो दिवस आठव. तासभर हे एक अक्षर बोलले नव्हते. निघताना दारात बूट घालता घालता एकच वाक्य म्हणाले: “त्या डॉक्टरीणबाई गेल्या तेव्हा मला आठवडाभर जेवण गेलं नाही.” त्या एका वाक्यावर मी लग्न केलं. सरकारी शाळेतल्या मास्तरांना नकार दिला तो त्याच वाक्यापायी. तर मी म्हटलं, निदान ते तरी खरं ना? यांची मान खाली. म्हणाले, “ते दादांनी जिन्यात शिकवलं होतं. दोनदा म्हणूनही घेतलं.”

आता कळलं, पाय कशासाठी ओढायचे होते ते?

मी रागावले नाही. रागावायला समोरचा माणूस ओळखीचा लागतो. एवढी वर्षं ज्याच्या खांद्यावर मी हिरव्यांच्या पराभवानंतर डोकं टेकलं, तो खांदा तटस्थ होता. रविवारी यांना म्हटलं, तुम्ही घरीच थांबा, आणि एकटी मैदानावर गेले. यांच्या खुर्चीवर एका जाड्या गृहस्थांनी आपला डबा ठेवला. खेळ सुरू झाला, ऑफसाइडची शिट्टी वाजली, आणि सवयीने मी डावीकडे वळून त्या गृहस्थांनाच समजावायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग नम्रपणे सांगितलं की ते निवृत्त पंच आहेत, आणि मी जे सांगते ते आपल्याच अर्ध्यात उभ्या असलेल्या खेळाडूला लागू होत नाही. म्हणजे बघ, मी चूक सांगत होते आणि हे वर्षानुवर्षं मान डोलावत होते. जगात यापेक्षा सुखी संसार कुठे असेल?

हिरवे जिंकले. कप्तानाशिवाय तीन गोल केले. मी तीनदा उठले, तीनदा डावीकडे बघितलं, आणि तीनही वेळा तिथे डबा होता. असा नीरस विजय मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

घरी आले तर दिवाणखान्यात ‘नीलकक्षा’चा पहिला भाग लावलेला आणि समोर हे बसल्या बसल्या झोपलेले. प्रयत्न केला होता म्हणायचा. जहाज अजून तळावरून सुटलंही नव्हतं. मी आवाज कमी केला नाही, कारण आवाज थांबला की लिफ्ट बंद पडल्यासारखे हे दचकून उठतात. शेजारी बसले आणि उरलेला भाग एकटीनेच बघितला. तो टकल्या तेव्हा किती चांगला वाटायचा रे.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तू मात्र माझ्याशी यापुढे एक शब्दही बोलू नकोस.

तुझी (नाइलाजाने) बहीण,
धाकटी

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी खात्री करावी म्हणून वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, तू तिसरा भाग कधी पाहिलेलाच नाहीस. ‘आठवडाभर जेवण गेलं नाही’ हे मीच तुला त्या वेळी फोनवर रडत सांगितलं होतं म्हणे, आणि तू ते जसंच्या तसं जिन्यात यांच्या हवाली केलंस. म्हणजे मी माझ्याच वाक्याला भुलले. आता कुणावर रागवायचं ते वहिनींनाच विचारून कळव.

ता. क. दुसरा: पुढच्या रविवारी पिवळ्यांशी सामना आहे, तो माणूस पिवळा सदरा घालून आपल्याच मैदानावर येणार. हे मला एकटीने बघवणार नाही. तेव्हा तू शनिवारी सहज म्हणून यांना फोन कर आणि चार वाक्यं शिकव. दोनदा म्हणून घे, मध्यंतरानंतर बाजू बदलतात हेही सांग, आणि मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस. फक्त ‘कप्तान गेला तेव्हापासून जेवण जात नाही’ हे शिकवू नकोस. काल यांनी तिसऱ्यांदा भात मागून घेतला, मीच वाढला.