ठेकेदाराला वाचून दाखवलेली बातमी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. तुम्हालाही असला देखावा रुचला नसता. आज लिहितेय ते भांडायला. तुमचं साप्ताहिक आता मी चालवते, तेव्हा तेवढा हक्क आहेच मला.

तुमची ती रीत! ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याच्या घरी जाऊन आधी ती वाचून दाखवायची, त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि मगच सांगलीला छापायला पाठवायची. "तोंडावर वाचता येत न्हाई ते छापायचं न्हाई," म्हणायचात. लोक शिव्या द्यायचे, वर चहाही पाजायचे. मला लय अभिमान होता त्याचा.

गेल्या महिन्यात जतच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवर गेले होते. तिथं पाण्याचा टँकर कागदावर रोज येत होता. प्रत्यक्षात पंधरा दिवस फिरकलाच नव्हता. बोलायला कुणी तयार होईना. शेवटी मेंढरं राखणारी बायाक्का पुढं झाली. "लिव गं माजं नाव. म्या काय कुणाच्या बापाला भीत न्हाई."

मी शहाणी! रीतीप्रमाणे टँकरच्या ठेकेदाराकडे गेले आणि सगळी बातमी वाचून दाखवली, बायाक्काच्या नावासकट. त्यानं शांतपणे ऐकलं, माझ्यासाठी सरबत मागवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर दोन टँकर उभे! घागरी भरणाऱ्या बायकांचे फोटो तालुकाभर मोबाइलवर फिरले. खाली लिहिलं होतं, बायाक्का खोटारडी आहे.

मी बातमी थांबवली. पाणी आलंय, आता काय छापायचं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगू? घाबरले होते. चार दिवसांनी टँकर पुन्हा बंद झाले.

बायाक्का एसटीनं कचेरीत आली. बसली नाही. "पानी गेलं तर गेलं. समदी मला लबाड म्हणत्यात, आन् तू गप? तूच लिवून घेतलंवतंस न्हवं?"

पत्रकार दिनाला लोकशाहीचा चौथा खांब म्हणून हार घालून घेतला होता मी. तुमच्या वेळी कधी असं झालं नव्हतं का हो? झालंच असणार. मग सांगितलं का नाहीत? विरुद्ध पक्षाला विचारायचं, एवढं शिकवलंत. पण आपल्यावर विसंबून बोलणाऱ्या माणसाला कसं जपायचं, ते राहूनच गेलं. याचा राग आहे मला.

आज बातमी छापायला गेली. टँकर कधी आला, कशामुळं आला, कधी थांबला आणि मी का गप्प बसले, सगळं माझ्या नावानिशी लिहिलंय.

यापुढंही ठेकेदारांना त्यांचं म्हणणं विचारीन. मात्र छापून होईपर्यंत सांगणाऱ्याचं नाव त्यांच्या कानावर जाणार नाही, हा शब्द देते. उद्या अंकाची पहिली प्रत घेऊन वस्तीवर जाणार आहे. बायाक्काला वाचता येत नाही. तिच्यासमोर बसून वाचीन, आणि चुकलंय म्हणाली तर पुढच्या अंकात तेही छापीन.

तुमची,
सुमन