ती जोडी नियमात बसत नव्हती, दादा

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतेच दादा. परवा तुझी लेक रोझलिन फुलपाड्याहून आगाशीला आली, तुझी फाईल घेऊन. तिला यंदा नागरी सेवा परीक्षेचा अर्ज भरायचा आहे आणि तू आजारपणात सांगून ठेवले होतेस, सगळे नियम या फाईलमध्ये आहेत. फाईलच्या तळाशी माझ्या नावाचे पत्र निघाले. तीस वर्षांपूर्वीचे, फोडलेले. म्हणून लिहिते आहे.

पूर्वपरीक्षा मी पास झाले होते, आठवते? मुख्य परीक्षेला तेव्हा दोन वैकल्पिक विषय लागत. मला इतिहास आणि राज्यशास्त्र घ्यायचे होते. पण तू मंत्रालयात लागलेला, घरातला पहिला! “फिलू, तुला काय कळतंय त्यातलं? राज्यशास्त्र नि लोकप्रशासन घे. एका अभ्यासात दोन विषय!” फॉर्म तू भरलास, सही मी केली. न वाचता केली. तेवढी चूक माझी.

त्या पत्रात आयोगाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. ही जोडी नियमात बसत नाही, अर्ज नामंजूर. नियमपुस्तिकेत ते स्पष्ट छापलेले होते, आणि ती पुस्तिका तुझ्याच टेबलावर पडली होती.

चुकलास, त्याचा एवढा राग नाही. पण पत्र लपवलेस! मी रोज फाटकात उभी राहून प्रवेशपत्राची वाट पाहत होते. शेवटी गोविंद पोस्टमनला अडवले. तू शेजारीच होतास.

“ताई, शपथेवर सांगतो, लिफाफा घरात दिलाय मी.”

“कुणाच्या हातात?”

त्याने तुझ्याकडे पाहिले. आणि तू काय म्हणालास? “यांचं नेहमीचंच आहे हे. तक्रार ठोक त्याची, फिलू.”

मी ठोकली. त्याची बदली झाली.

वयाच्या अटीमुळे मला पुढची संधी नव्हती. मी शाळेत लागले आणि जन्मभर मुलांना सांगत राहिले, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. फॉर्म भरून दिल्याबद्दल, प्रवेशपत्राची वाट पाहत असतानाच, मी तुला आईच्या हातच्या सुकेळीचे पुडके दिले होते. पत्र खिशात असताना ती वाळवलेली केळी तुझ्या घशाखाली उतरली कशी रे?

आणि एवढे पुरले नाही म्हणून मुलीलाही बजावून गेलास, लोकप्रशासनच घे! तिला मराठी साहित्य घ्यायचे आहे.

“आत्या, पप्पांचा शेवटचा शब्द आहे. मोडू कशी? आणि माझी डिग्री सायन्सची. ते म्हणाले, मराठी घेताच येत नाही.”

“पप्पांना राहू दे. नियम उघड. मोठ्याने वाच.”

वाचले तिने. घेता येते! साहित्याला त्या विषयाची पदवी लागत नाही. पुन्हा तेच, दादा. स्वतः वाचायचे नाही आणि दुसऱ्याला हुकूम सोडायचा!

तू लपवलेले पत्र तिला दाखवावे का, यावर दुपारभर विचार केला. बापाला जाऊन महिना झालेला नाही. पण मीही लपवले असते, तर तुझ्यात नि माझ्यात फरक काय? दाखवले. तिने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, “पप्पा घाबरले असतील गं.”

असशील. पण त्याची शिक्षा गोविंदने का भोगायची?

रविवारी चर्चमध्ये तुझ्या महिन्याच्या मिस्साला मी येईन. प्रार्थना म्हणेन. क्षमा केली असे मात्र म्हणणार नाही, देवळात खोटे बोलायची मला सवय नाही. जेव्हा खरोखर करेन, तेव्हा तुझ्या थडग्यापाशी येऊन तोंडावर सांगेन. हा माझा शब्द. तो मी न वाचता देत नाही.

फिलोमिना

आज दिले ते:

रोझलिनला फाईल आणि नियम. विषय तिनेच निवडला, तिनेच भरला. ती बटण दाबत असताना मी पाठ फिरवून बसले होते.

गोविंदला, नालासोपाऱ्यात त्याच्या मुलीच्या घरी, ते पत्र लिफाफ्यासह. चष्मा लावून त्याने आधी लिफाफ्यावरचा आपल्या पोस्टाचा शिक्का वाचला, पत्र नंतर. म्हणाला, “तारीख बघा, ताई. त्याच दिवशी दिलं होतं.” पत्र त्याच्याकडेच ठेवून आले.